पाणमांजरांच्या रांगेतली रिकामी जागा

आमच्या धाकटीला उन्हाची भारी हौस. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. साठी जवळ आली तरी घरात ती धाकटीच राहिली. सकाळी ओटा पुसून झाला की ती बाहेरच्या पायरीवर जाऊन उभी राहायची, तोंड वर करून, डोळे मिटून.

"काय गं, सूर्याचा वास घेतेस का?" मी विचारायची.

"साठवून घेते, वहिनी. आता संध्याकाळपर्यंत ट्यूबलाइटच आहे."

तळ्याकाठच्या मोठ्या उद्यानात एक भेटवस्तूंचं दुकान आहे, तिथे ती कामाला होती. फाटकातून आत आलेला माणूस तळं बघतो, हरणं बघतो, कठड्याला लोंबकळून पाणमांजरांचं पोहणं बघतो आणि परतीच्या वाटेवर त्याला हे दुकान लागतं. आत चहाचे मग, टोप्या, चित्रांची कार्डं, किल्ल्या अडकवायच्या साखळ्या आणि या सगळ्यांत जास्त म्हणजे कापडी पाणमांजरं. नोकरीला लागली तेव्हा ती गल्ल्यावर बसायची. मालाची मांडणी करणारा एक गृहस्थ होता, तो सोडून गेला आणि नवा माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा, असं उद्यानाच्या साहेबांनी तिला सांगितलं. नवा माणूस काही आला नाही.

तिच्या हाताला ते जमून गेलं, हे खरं. मी तिच्याबरोबर कितीदा तरी दुकानात बसले आहे आणि ती काय करते ते पाहिलं आहे. मगांचे कान सगळे उजवीकडे, कारण बहुतेकांचा उजवा हात पुढे येतो. मुलांच्या वस्तू मुलांच्या डोळ्यांसमोर, आईबापांच्या नव्हे. जड माल खाली. जुना, पडून राहिलेला माल फळीवर ठेवायचाच नाही, मोठ्या टोपलीत ढीग करायचा, म्हणजे लोक उपसाउपशी करतात आणि आपल्याला काहीतरी गवसलं म्हणून खुशीत घेऊन जातात. लाकडी खोकी उलटी ठेवून त्यांवर कापड टाकलं की पायऱ्या होतात. त्या पायऱ्यांवर पाणमांजरं बसवायची, आणि प्रत्येकाचं तोंड जरासं दाराकडे वळवायचं. "आल्या पाहुण्याकडे पाठ करून बसतं का कोणी?" ती म्हणायची.

त्या दुकानाला एक खिडकी होती. खिडकी कसली, पश्चिमेची आख्खी भिंतच काचेची. तिच्यातून तळं दिसायचं, पलीकडच्या काठाची झाडं दिसायची आणि डाव्या अंगाला रोपवाटिकेचं कुंपण. पण दुपारनंतरचं ऊन थेट मालावर यायचं. पाणमांजरांचा तपकिरी रंग एका बाजूने उडून ती अर्धी चहासारखी आणि अर्धी दुधासारखी दिसू लागली. साहेब वैतागले. पडदा लावला तर दुकान बंद आहे असं लोकांना वाटायचं. काचेला कागद चिकटवला तर भिकार दिसायचं.

तोड धाकटीनेच काढली. काचेला लागून छतापर्यंत एक मांडणी उभी करा, असं तिने सुचवलं. रंग उडालेली पाणमांजरं बाहेर तोंड करून काचेला टेकवायची, त्यांचं आता आणखी काय उडणार? आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून चांगला माल आत तोंड करून ठेवायचा. बाहेरून जाणाऱ्या मुलांना काचेत पाणमांजरांची फौज दिसेल आणि आतल्या मालाला ऊन लागणार नाही.

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बाई, तुमचं डोकं सोन्याचं आहे!"

सुतार आला, मांडणी झाली, विक्री वाढली. वरच्या कचेरीतली माणसं येऊन फोटो काढून गेली. सगळे गेल्यावर धाकटी दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि तिला कळलं की आता आपल्याला तळं दिसत नाही. ते तिने मला त्या रात्री भांडी पुसताना सांगितलं, हसत हसतच. "वहिनी, जुन्या पाणमांजरांची बदली झाली. दिवसभर तळं बघत बसतात. मी मात्र त्यांच्या पाठीमागे."

घरी तरी काय होतं? तिच्या मागच्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. आमचे भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त झाल्यापासून टीव्हीसमोर असतात. पडद्यावर चमक येते म्हणून दारसुद्धा लोटून घेतात. "दार उघडं ठेवलं तर काय बिघडतं?" असं तिने विचारलं की म्हणायचे, "दिवसभर उद्यानात तर असतेस! लोक तिकीट काढून येतात तिथे."

ऐकणाऱ्याला तर ते खरंच वाटणार.

हे वर्षानुवर्षं चाललं. मग मागच्या वर्षी रोपवाटिकेतली बाई मुलाकडे राहायला गेली आणि तिची जागा रिकामी झाली. रोपवाटिका माळीदादांकडे होती. त्यांनीच दुकानात येऊन सांगितलं, "ताई, येता का आमच्याकडे? पगार तोच. पण कुंड्या उचलाव्या लागतील."

धाकटी त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्या खोलीत. तिला नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. "वहिनी, ही जागा गेली तर मग मी त्या पाठींमागेच निवृत्त होणार. नंतर घरात, दार लोटून. मला बाहेर काम करायचंय. एवढं एकच."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नाहीत, हे मला आवर्जून लिहायला हवं. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर दुकानाचं काय?"

"दुसरं कोणी शिकेल, साहेब. मी शिकवीन."

"कोण?"

"तिकीटबाई."

तिकीटबाई म्हणजे फाटकावरच्या खोपटात तिकिटं फाडणारी. नीटनेटकी, शब्दाला पक्की, धाकटीहून थोडी लहान. तिच्या गुडघ्यांना त्या खोपटात पाय पसरायला जागा नव्हती, त्यामुळे तिलाही सुटका हवीच होती. साहेबांनी विचार केला आणि अट घातली. सुट्ट्यांचा हंगाम तिकीटबाईने सांभाळायचा. विक्री टिकली तर धाकटीची बदली कायम. घसरली तर तिने मुकाट्याने परत यायचं.

"मुकाट्याने येईन," धाकटी म्हणाली. एवढी खात्री होती तिला.

तिने तिकीटबाईला शिकवलं ते मी समोर बसून ऐकलं.

"मगाचा कान?"

"उजवीकडे."

"टोपली रोज नीट रचायची का?"

"नाही. उलट विस्कटायची. हे मात्र मला पटत नाही हं, ताई."

"पटवून घे. आणि पाणमांजर बसवताना शेपटी पुढे घ्यायची, मांडीवर घेतल्यासारखी. मागे दडपलीस तर ते पुढे कलंडतं आणि दारू प्यायल्यासारखं दिसतं."

"आमच्या घरात एक आहे तसं," तिकीटबाई म्हणाली, आणि दोघी खोक्यांवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

सोमवारी धाकटी रोपवाटिकेत रुजू झाली. मी त्याच आठवड्यात डबा घेऊन गेले. डोक्याला रुमाल बांधलेला, कोपरापर्यंत माती, आणि नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. मला बघून तिने हात हलवला तो नुसता हात नव्हता, आख्खी बाईच हलली. "वहिनी, इथे ढग आले की कळतं!" ती ओरडली. जशी काही ही बातमीच होती.

येताना मी दुकानात डोकावले. तिकीटबाईने सगळं चकाचक ठेवलं होतं. मी ज्या मिशनच्या शाळेत शिकले तिथे सिस्टर आमची कपाटं उघडून बघायच्या. घड्यांच्या कडा एका रेषेत नसतील तर सगळं खाली काढायला लावायच्या. त्या सिस्टरना हे दुकान फार आवडलं असतं. एक फळी वाकडी नाही, एक वस्तू पुढेमागे नाही. एखादी वस्तू विकली गेली की तिकीटबाई लगेच कोठीतून दुसरी आणून त्या जागी ठेवायची. गिऱ्हाईक पैसे देऊन वळायच्या आत फळी पुन्हा भरलेली.

"किती छान ठेवलंय हो तुम्ही," मी म्हणाले.

"खोपटातली सवय," ती म्हणाली. "तिकिटांच्या गठ्ठ्यात एक जरी जागा चुकली की सगळा गठ्ठा पुन्हा मोजायची. रिकामं दिसलं की माझा हात आपोआप भरायला जातो."

मी तिथे टेकले होते तेवढ्यात एक कुटुंब आत आलं. छोटी मुलगी धावत पाणमांजरांकडे गेली आणि तिने हात पुढे केला. आजीने मागून तो हात धरला. "हात नको लावू! लावलंय बघ किती नीट. एक काढशील आणि सगळी घसरतील." मुलीने हात मागे घेतला. सगळ्यांनी मान वर करून पाणमांजरं पाहिली, कठड्यापलीकडची खरी पाहतात तशी, आणि बाहेर पडले.

मला त्यात काही खटकलं नाही. उलट मुलीला वळण चांगलं आहे, असंच वाटलं.

हळूहळू साहेबांचे निरोप यायला लागले. विक्री खाली आली होती. गर्दी तेवढीच, दुकानात शिरणारी माणसं तेवढीच, पण लोक बघत होते आणि जात होते. धाकटी रोज काम संपल्यावर दुकानात जाऊन एकेक गोष्ट तपासायची. कान उजवीकडे होते. तोंडं दाराकडे होती. शेपट्या मांडीवर होत्या. टोपली विस्कटलेली होती, तिकीटबाईने जीव मुठीत धरून विस्कटली असेल, पण विस्कटली होती.

"तू माझ्यावर रागावली नाहीस ना?" तिकीटबाई रडकुंडीला आली. "ताई, तू सांगितलंस ते सगळं करते गं मी."

"करतेस. माझ्यापेक्षा चांगलं करतेस. मग चुकतंय कुठे?"

रात्री जेवताना धाकटीचा घास हातात राहायचा. भाऊजी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "परत जायचं. त्यात एवढं काय? सावलीतली नोकरी आहे." ती उठून पायरीवर जाऊन बसली. अंधारात ऊन नव्हतं, तरी बसली.

हंगाम संपायला थोडेच दिवस राहिले होते. त्या बुधवारी सकाळी मी रोपवाटिकेत होते, माझ्या तुळशीसाठी शेणखत घ्यायला. धाकटी हातगाडीवर कुंड्या घालून दुकानासमोरून चालली होती आणि मी तिच्या मागे. काचेपुढे ती थांबली. इतकी वर्षं ती त्या मांडणीच्या आत होती. बाहेरून तिने ती नीट कधी बघितलीच नव्हती. काचेत तिची जुनी, रंग उडालेली पाणमांजरं खांद्याला खांदा लावून बसली होती, खालपासून वरपर्यंत.

"वहिनी, भोक कुठे गेलं?"

"कसलं भोक?"

"माझं!" तिने स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर काचेला बोट टेकवलं. "इथलं एक मी काढायची. आतलं एक आणि त्याच्या पाठीमागचं हे एक. पाऊस आहे का ऊन आहे ते बघायला. मी रोज सकाळी पहिलं हेच करायची."

तिच्या तोंडाकडे बघताना मला दिसत होतं की ती मनातल्या मनात दुकानभर फिरते आहे, मगांच्या फळीवरून, टोप्यांच्या खुंट्यांवरून.

"सगळीकडे," ती हळूच म्हणाली. "मी सगळीकडेच एक काढत होते. हाताला सवयच लागली. मगांमध्ये एक जागा, टोप्यांमध्ये एक खुंटी. मला माहीतच नव्हतं, वहिनी. भरलेल्या रांगेला कोण हात लावणार? एक जागा रिकामी दिसली की वाटतं, कोणीतरी नेलंय, आपणही न्यावं."

हातगाडी तिथेच रस्त्यात सोडून ती आत धावली. तिथेच ती चुकली. आता मागे वळून बघताना मला वाटतं, तिकीटबाईला बाहेर बोलवायला हवं होतं, तिच्या कानात सांगायला हवं होतं आणि स्वतः दुकानाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला नको होतं. पण त्या क्षणी एवढं कोणाला सुचतं? तिने स्वतःच्या मातीच्या हाताने पाणमांजरांच्या रांगेतलं एक काढलं. मगांमधला एक मग काढला. टोपीची एक खुंटी मोकळी केली. तिकीटबाई "अगं, अगं" करत मागे.

एक बाप आपल्या मुलाला घेऊन आत उभा होता. मुलाचा हात सरळ त्या रिकाम्या जागेत गेला आणि तिच्या शेजारचं पाणमांजर बाहेर आलं. बापाने दुसरं काढलं. "हे ताईसाठी," तो म्हणाला.

आणि दारात साहेब उभे होते.

त्यांनी काय पाहिलं? हंगामभर पडलेलं दुकान, धाकटी आत आली, हात फिरवला आणि माल हलला. दोन-तीन दिवस त्यांनी तिला तिथेच थांबवून घेतलं, आणि विक्री पूर्वीसारखी झाली. मग तिला बोलावलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा.

"साहेब, माझं काही नाही यात," धाकटी म्हणाली. "एक जागा रिकामी सोडायची, एवढंच राहिलं होतं. आता तिकीटबाईला माहीत झालं. विचारा तिला."

"मला कळलंय साहेब," तिकीटबाई म्हणाली. "जीवावर येतं, पण सोडीन एकेक जागा. शपथ."

साहेबांनी दोघींचं ऐकून घेतलं. मग धाकटीला म्हणाले, "बाई, ही गोष्ट तुम्ही करत होतात हे तुम्हालाच माहीत नव्हतं. बरोबर?"

"बरोबर."

"ही एक आज कळली. अशा अजून किती असतील, ज्या तुमचा हात करतो आणि तुम्हाला माहीत नाहीत? त्या कशा शिकवणार तुम्ही हिला?"

घरी येऊन तिने मला विचारलं, काय उत्तर द्यायला हवं होतं? मला आजही सुचत नाही. साहेब प्रेमाने बोलले, कौतुकाने बोलले, आणि त्या कौतुकाला कुठे दारच नव्हतं. "हाताला गुण आहे तुमच्या," ते म्हणाले म्हणे. "असा हात मी कुंड्यांत कसा घालू?"

ती मुकाट्याने परत गेली. तसा शब्दच दिला होता.

रोपवाटिकेतली जागा तिकीटबाईला मिळाली. तिला ऊन सोसत नाही. ती छत्री बांधून बसते आणि कुंड्यांना कुंड्या खेटून, रेषेत ठेवते. माळीदादा रोज ओरडतात, "अहो बाई, रोपांना वारा लागू द्या! अंतर ठेवा थोडं!" ती ठेवते, आणि ते वळले की पुन्हा सरकवते. धाकटीने हे मला सांगितलं तेव्हा हसायला सुरुवात केली होती, पण हसू अर्ध्यावर राहिलं.

परवा मी तिकडे गेले होते. दुकानात न शिरता आधी काचेपुढे गेले. जुन्या पाणमांजरांच्या भिंतीत, डोळ्यांच्या उंचीवर, एक जागा रिकामी होती. मी वाकून पाहिलं. आत आधी ट्यूबलाइटचा पांढरा उजेड दिसला, मग चष्म्याची एक काच आणि तिच्यामागे एक डोळा. मला बघून डोळा बारीक झाला. मी बोटाने वर दाखवलं, ढग आलेत म्हणून. फडकं धरलेला हात त्या जागेत आला, हलला आणि गेला.

मग मी आत गेले. ती खोक्यावर उभी राहून वरची फळी पुसत होती.

"अगं, एकच कशाला काढतेस?" मी म्हणाले. "दोन काढ, तीन काढ. जरा मोठी जागा कर. रोपवाटिकासुद्धा दिसेल."

ती खाली उतरली. खोकं पायाने जागेवर सरकवलं, त्यावरचं कापड सारखं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन काढली तर माल संपत आलाय असं दिसतं, वहिनी. एकच."